कोरी उत्तरपत्रिका

“हे बघ मुली, कोरी आहे,” सरनोबत साहेब म्हणाले. “पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरी. एक अक्षर नाही.”

त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. आवाजावरूनच कळलं, चांगला जाडजूड होता. कोऱ्या कागदांचा एवढा गठ्ठा एखादी मुलगी का देऊन जाईल, हा प्रश्न त्यांना पडला नसावा.

“असं कसं होईल साहेब? मी शेवटची घंटा होईपर्यंत टाइप करत होते.”

“करत असशील. कागदावर उमटलेलं काही नाही.”

माझ्या शेजारी तानुआत्या खुर्चीच्या अगदी कडेला टेकली होती. ऑफिसातल्या खुर्चीत पाठ टेकून बसायचं नसतं, अशी तिची समजूत होती. ती पुढं सरकली.

“सायेब, मी भाईर झाडाखाली बसले हुते. सारा येळ आवाज येत हुता. टकटक, टकटक. एवढा आवाज करून पोरीनं काय लिवलं न्हाई व्हय?”

“बाई, आवाजाला मार्क देता येत नाहीत.”

मागं कुणीतरी हसलं. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातली ती मोठी खोली होती. सरनोबत साहेब उपकुलसचिव. त्यांचं टेबल खिडकीपाशी, आणि पलीकडं कारकुनांच्या रांगा. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागून आठवडा होत आला होता. बाकी सगळ्या विषयांत मी व्यवस्थित पास होते, राज्यशास्त्राच्या दुसऱ्या पेपरला तेवढं शून्य. नापास.

राज्यशास्त्र हा माझा मुख्य विषय. वर्गात प्रश्न विचारून विचारून मी सरांना भंडावून सोडायची. त्यात शून्य!

आणि प्रश्न नुसता माझ्या वर्षाचा नव्हता. स्वतःच्या हातानं पेपर लिहायची परवानगी मागणारी त्या विद्यापीठातली मी पहिलीच अंध मुलगी. माझं काय होतंय, याकडं बऱ्याच जणांचं लक्ष होतं. मी पडले असते, तर पुढच्या प्रत्येकीला हेच ऐकवलं गेलं असतं : ती ढोबळे आठवते ना? कोरा पेपर दिला होता.

मी हौसा ढोबळे. राहणारी सोनवळची. चार वर्षांची असताना देवी आल्या आणि डोळे घेऊन गेल्या. आई त्याच साथीत गेली. तानुआत्यानं, म्हणजे माझ्या वडलांच्या धाकट्या बहिणीनं, मला वाढवलं. तिनंच मला हाताला धरून शहरातल्या मुलींच्या अंधशाळेत नेऊन घातलं आणि फाटकाबाहेर बसून माझ्याहून जास्त रडली.

शाळेत आम्ही पाटी आणि टोच्यानं लिहायचो. पत्र्याच्या दोन पट्ट्यांत कागद अडकवायचा आणि टोच्यानं एकेक ठिपका टोचत जायचा. ठिपके उमटणार कागदाच्या मागं, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडं, प्रत्येक अक्षर उलटं. आणि काय लिहिलंय ते कागद काढून पालथा केल्याशिवाय कळायचं नाही. मधेच कुणी हाक मारली, की वाक्य कुठं सोडलं होतं याचा पत्ता लागत नसे.

मी आठवीत असताना शाळेला ब्रेलचं यंत्र मिळालं. सहा कळा, मधे जागा सोडायची एक, वजनाला पाट्याएवढं जड. साऱ्या शाळेत एकच, त्यामुळं त्याच्यापुढं रांग लागायची. माझी पाळी आली तेव्हा मी एक ओळ लिहिली आणि लगेच तिच्यावरून बोट फिरवलं. मी लिहिलेलं मला तिथल्या तिथं वाचता येत होतं! मी हसत सुटले. मागच्या मुली ओरडायला लागल्या, “ऊठ गं, आम्हाला दे की.” मी उठेना. शेवटी बाईंनी उठवलं.

पण कॉलेजात ब्रेल वाचणारं कुणी नव्हतं. परीक्षेला लेखनिक घ्यावा लागे. आपण सांगायचं, त्यानं लिहायचं. लेखनिक आपल्याहून खालच्या वर्गातला हवा, असा नियम; का, तर त्यानं आपल्या पदरचं काही घालू नये. पहिल्या वर्षी मला नववीतली एक मुलगी मिळाली. स्वभावानं गोड, पण सारखी जांभया द्यायची. मी लांब वाक्य सांगितलं की विचारायची, “ताई, एवढं सगळं लिहायचं?” पुढं सरांनी माझी उत्तरपत्रिका मला वाचून दाखवली. तिच्यात स्त्रियांना मताधिकाराऐवजी मठाधिकार मिळालेला होता. सगळा वर्ग हसला. मीही हसले. घरी आल्यावर मात्र आत्याला सांगितलं, “यापुढं माझं मी लिहिणार.”

“कसं?”

“ते बघते.”

गावात शिरगुप्पे मास्तरांचा टायपिंगचा क्लास होता. मी जाऊन उभी राहिले. मला वाटलं, आता हे दयेचं काहीतरी बोलणार. मास्तर म्हणाले, “इथं डोळ्यांचं काम नाही. पोरांनी कळांकडं बघू नये म्हणून मी त्यांच्या हातांवर फडकं टाकतो. तुझ्यापुरतं एक फडकं वाचलं. बस.”

मास्तर खडूस होते. चूक झाली की पट्टी टेबलावर आपटायचे. मी मराठी टायपिंग शिकले, मग पत्रं, मग तक्ते, मग प्रती काढायच्या मेणकागदावर स्टेन्सिल कापणं. मास्तरांनी एकदा सहज सांगितलं, “मी कुठंतरी वाचलंय, अशी यंत्रं पहिल्यांदा निघाली त्यांतली काही अंध माणसांना पत्रं लिहिता यावीत म्हणून बनवली होती. धंदेवाल्यांनी ती नंतर उचलली.” एवढं बोलून ते दुसऱ्या मुलाकडं वळले. मी मात्र ते वाक्य कित्येक दिवस मनात घोळवत होते.

ते उपयोगी पडलं प्राचार्यांपुढं. मी परीक्षेत टाइप करायची परवानगी मागितली, तेव्हा ते म्हणाले, “अगं, लेखनिकाची एवढी चांगली सोय असताना हे खूळ कशाला? आणि ही यंत्रं ऑफिसच्या कामासाठी असतात.”

“नाही सर. ती आमच्यासाठी निघाली होती. ऑफिसवाल्यांनी ती आमच्याकडून घेतली.”

ते म्हणाले, “फार बोलतेस.” पण अर्जावर सही केली. विद्यापीठाकडून होकार यायला बरेच महिने लागले. मी पत्रं टाइप करून पाठवतच राहिले. शेवटी याच सरनोबत साहेबांच्या सहीनं परवानगी आली, दोन अटींसह : वेगळ्या खोलीत बसायचं आणि यंत्र परीक्षा केंद्राचं वापरायचं. स्वतःचं यंत्र आणलं तर आत चिठ्ठ्या लपवता येतात म्हणे.

मला प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बसवलं. बरण्यांत घालून ठेवलेल्या बेडकांचा वास नाकात जायचा. कॉलेजच्या ऑफिसातलं यंत्र शिपाई रोज सकाळी उचलून आणायचा आणि पेपर संपला की परत न्यायचा. पर्यवेक्षक म्हणून वाळिंबेबाई असायच्या. त्या प्राणिशास्त्रच शिकवायच्या. बोलायला मऊ, नियमाला पक्क्या. प्रश्नपत्रिका वाचून दाखवायच्या, पान संपलं की काढून नवं लावून द्यायच्या, प्रत्येक पानावर सही करायच्या. त्यापलीकडं एक शब्द नाही.

त्या दिवशी, राज्यशास्त्राच्या दुसऱ्या पेपराला, यंत्राचा आवाज मला जरा कोरडा वाटला होता. कळ पडली की एरवी थोडा दबका ठोका ऐकू येतो, तो त्या दिवशी कडक येत होता. पण प्रश्न माझ्या आवडीचे आले होते. डोक्यात उत्तरं धावत होती, बोटं त्यांच्या मागं. मी आवाजाचा विचार सोडून दिला.

हे सगळं मी सरनोबत साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

“हौसा, काय झालं असेल ते झालं असेल,” ते म्हणाले. “यंत्र बिघडलं असेल, तू घाबरली असशील. मी तुझं नुकसान होऊ देणार नाही. तुझ्या बाकीच्या पेपरांची सरासरी काढून या पेपरला तेवढे गुण देता येतील. मी टिपण तयार करतो, कुलसचिव सही करतील. माझ्या हिशेबानं तुला पहिला वर्ग मिळतो.”

आत्यानं माझा हात घट्ट धरला. “पैला वर्ग! देव भलं करो सायेब तुमचं.”

“नको,” मी म्हटलं.



“नको म्हणजे?”

“मी पेपर लिहिलाय. तो वाचा आणि त्याचे गुण द्या.”

“अगं, काय वाचू? काही लिहिलेलंच नाही!”

“मग शून्य द्या. पण आधी यंत्राला काय झालं होतं ते शोधा. न शोधता दिलेली सरासरी मला नको.”

आत्या कानात पुटपुटली, “येडी हायस का? घे की गं. मानूस देतंय.”

“आत्या, ते गुण माझ्या उत्तरांचे नाहीत. माझ्या डोळ्यांचे आहेत.”

हे मी हळू बोलले होते, पण साहेबांना ऐकू गेलं. ते ताठरले. “हे बघ, विद्यापीठ तुझ्यावर उपकार करतंय असं नाही...”

“मग पेपर माझ्या हातात द्या. मी बघते.”

“परीक्षार्थीला तपासलेल्या उत्तरपत्रिकेला हात लावता येत नाही. तसा नियम आहे.”

“कोऱ्या कागदांना पण?”

परत कुणीतरी हसलं, पण या वेळी ते हसणं माझ्या बाजूचं होतं. साहेबांनी गठ्ठा उचलून आपल्याकडं ओढला. “ढोबळे, तू आता घरी जा. दोन दिवस विचार कर, मग पत्र पाठव.”

“मी इथंच विचार करते,” मी म्हटलं, आणि खुर्चीत पाठ टेकून बसले.

त्यांना वाटलं असेल, पाच-दहा मिनिटांत उठेल. मी उठले नाही. लोक कामं घेऊन येत होते, साहेब त्यांच्याशी बोलत होते, मी मधे धोंड्यासारखी बसलेली. शिपाई येऊन म्हणाला, “ताई, जरा बाहेर बाकड्यावर बसता का?” मी नाही म्हटलं. जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली. कारकुनांनी डबे उघडले, लोणच्याचा वास पसरला. आम्ही पहाटेच्या एस.टी.नं निघालो होतो. आत्याच्या पिशवीत भाकरी होती, पण ती सोडायचं तिलाही सुचलं नाही.

मला भीती वाटत नव्हती असं कुणी समजू नये. खरंच काही उमटलं नसेल तर? नुसती हवेत बोटं बडवून आले असेन तर? मग इथं बसून मी काय मागतेय? तरी उठावंसं वाटेना. आजवर मला जे जे मिळालं होतं ते “बिचारी” म्हणून. बसमधली जागा, देवळातला प्रसाद, वर्गातली टाळी. फक्त त्या पेपरातली वाक्यं मी कुणाकडून घेतलेली नव्हती.

सुट्टी संपली तरी मी हलत नाही हे पाहून साहेब वैतागले. “ठीक आहे. तुझी खात्री पटवून देतो. त्या दिवशी पर्यवेक्षक कोण होतं?”

“वाळिंबेबाई.”

त्यांनी सोनवळच्या कॉलेजला ट्रंक कॉल लावला. तो लागायला बराच वेळ गेला. लागला तेव्हा ओरडून बोलावं लागत होतं, त्यामुळं सगळी खोली ऐकत होती.

“हॅलो, वाळिंबेबाई? मी सरनोबत, परीक्षा विभागातून. ती ढोबळे, अंध विद्यार्थिनी... हो, हो. राज्यशास्त्राच्या दुसऱ्या पेपराला तुम्ही होतात ना? तिनं टाइप केलं का काही? ... काय? सगळा वेळ? ... अहो, मग पानं कोरी कशी? ... हॅलो! मी विचारतोय, पानं कोरी आहेत हे तुम्ही पाहिलंत का? ... पाहिलंत? मग बोलला का नाहीत?”

पलीकडून काहीतरी लांबलचक उत्तर आलं. साहेब ऐकत राहिले. मग एकदम हळू आवाजात त्यांनी विचारलं, “काय म्हणालात?”

आणि नंतर फोन ठेवून दिला.

“काय म्हनल्या बाई?” आत्यानंच विचारलं.

साहेबांनी सांगितलं, “त्या म्हणाल्या, पानं कोरी होती हे मी पाहिलं. पण अंधांच्या लिपीत शाई नसते असं मला माहीत होतं. मला वाटलं, त्या दिवशी तिनं तिच्या लिपीत लिहिलं असेल.”

मला रडावं की हसावं कळेना. बाईंनी कुठंतरी ब्रेलचं पान पाहिलं असणार. पांढरं, बिनशाईचं. आणि माझ्यासमोर बसून, पानामागून पान कोरं निघताना पाहून, त्यांनी ठरवून टाकलं, हिचं असंच असणार. विचारायचं कशाला?

मी उभी राहिले आणि टेबलावर हात पसरला. “साहेब, कागद द्या.”

या वेळी त्यांनी नियम सांगितला नाही. गठ्ठा माझ्या हाताखाली सरकवला.

मी वरचं पान उचललं, पालथं केलं आणि बोटं टेकवली. पानाच्या पाठीला पुरळ उठल्यासारखे बारीक बारीक उंचवटे होते. एका ओळीखाली दुसरी, ओळींमधलं अंतर सारखं, समासापासून समासापर्यंत. जिथं पूर्णविराम होते तिथं तर कागदाला आरपार भोकं पडली होती.

“साहेब, हे कोरं नाही,” मी म्हटलं. “यंत्र स्टेन्सिलवर राहिलं होतं.”

“म्हणजे?”

“स्टेन्सिल कापताना रिबनची मधे अडचण नको, म्हणून एक खटका सरकवतात. मग रिबन वर उचललीच जात नाही, अक्षराचा खिळा सरळ कागदावर बसतो. आदल्या दिवशी ऑफिसात कुणीतरी स्टेन्सिल कापलं असणार आणि खटका परत फिरवायचा राहिला असणार. डोळस माणसाला पहिल्या अक्षरालाच कळलं असतं. मला कळायला मार्ग नव्हता. पण अक्षरं आहेत. सगळी आहेत.”

मागच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला. ऑफिसातली टायपिस्ट असावी. “बरोबर आहे साहेब. माझं एकदा असं झालंय. पान खिडकीशी तिरकं धरलं की दिसतं.”

साहेबांची खुर्ची मागं सरकली. ते खिडकीपाशी गेले. कागद फडफडला, थांबला, पुन्हा थोडा कलला.

“अरे...” ते म्हणाले.

मग ते वाचायला लागले. सावकाश, पहिलीतल्या मुलासारखं अक्षर लावत. “ना... नागरिक हा... राज्याचा... आश्रित नव्हे. राज्य... नागरिकांनी... चालवायला घेतलेली... गोष्ट आहे.”

ते वाचायचे थांबले.

तोवर मी लिहिलेलं मला कुणी असं वाचून दाखवलं नव्हतं, एकही शब्द न बदलता. मठाधिकार नाही, जांभई नाही. मी टेबलाची कड धरून उभी होते. आत्यानं पदरानं नाक पुसल्याचं ऐकू आलं.

साहेब जागेवर येऊन बसले. मग म्हणाले, “तुझं म्हणणं खरं ठरलं. आता यात शंका नाही. पण हौसा, एवढी पानं असं खिडकीशी धरून कोण तपासणार? परीक्षकांना मी काय सांगू? त्यापेक्षा सरासरीचं टिपण करतो. आता तर मला ते बेलाशक करता येईल. पहिला वर्ग, आणि वर मी स्वतः तुझं अभिनंदन करतो.”

आता आत्या काहीच बोलली नाही.

“साहेब, इतर मुलांची अक्षरं कशीही असतात,” मी म्हटलं. “कोंबडीचे पाय उमटल्यासारखी. ती परीक्षक भिंग लावून वाचतात, की सरासरी देऊन मोकळे होतात?”

मी त्यांना बोलू दिलं नाही.

“मी सरासरी घेतली तर सगळे म्हणतील, अंध मुलीला कळवळ्यानं पास केलं. आणि उद्या दुसरी कुणी यंत्र मागायला आली की तिला सांगतील, मागच्या खेपेला केवढा घोळ झाला होता, तू आपली लेखनिक घे. मला नापास करा, चालेल. पण वाचून करा.”

मला आठवतं, त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. मग शिपायाला हाक मारली. “परीक्षकांना निरोप दे, उद्या इथं येऊन बसा म्हणावं. आणि टेबलावरचा एक दिवा आणून ठेव, खाली वाकवता येईल असा.”

बाहेर पडताना आत्यानं मला व्हरांड्यात थांबवलं. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तिनं पिशवीतली भाकरी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “खा आधी. लई तोंड चालवलंस आज.” आम्ही पायरीवर बसून चटणी-भाकरी खाल्ली. येणारे-जाणारे बघत होते, असं ती म्हणाली. “बघू देत,” मी म्हटलं.

सुधारलेली गुणपत्रिका घ्यायला मी महिन्याभरानं गेले. सरनोबत साहेबांनी ती स्वतः वाचून दाखवली. त्या पेपरात मला शंभरांपैकी बावन्न मिळाले होते. सरासरी घेतली असती तर याहून बरेच जास्त पडले असते. पहिला वर्ग थोडक्यात हुकला होता.

“वाईट वाटतंय?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. खरं तर वाटत होतं. पण ते वाईट वाटणं वेगळं होतं. वर्गातल्या कुठल्याही मुलाला कमी गुण पडल्यावर वाटतं तसं. त्यात दुसरं काही मिसळलेलं नव्हतं.

साहेब जरा घुटमळले. “हे सांगायची पद्धत नाही, पण सांगतो. परीक्षकांनी दोन दिवस दिव्याखाली बसून सगळं वाचलं. शेवटच्या उत्तरावर ते फार चिडले. अन्याय्य कायदा पाळायला नागरिक बांधील आहे का, असा प्रश्न होता. तू लिहिलंयस की जो नियम करताना ज्याला विचारलंच नाही, त्यानं तो मुकाट्यानं पाळावा अशी अपेक्षा धरता येत नाही. त्यावर त्यांनी लाल शाईनं अर्ध्या पानावर काट मारली आणि खाली लिहिलं, ‘मुद्दा साफ चूक’.”

“साफ चूक?”

“हो. दोनदा अधोरेखित केलंय.”

मला इतका आनंद झाला की मी टेबलावर थाप मारली. कारकून दचकले. आयुष्यात आजवर माझ्या मताला कुणी साफ चूक म्हटलं नव्हतं. आंधळी मुलगी दोन वाक्यं धड बोलली तरी लोक टाळ्या वाजवायचे. हा कोण कुठला परीक्षक, दोन दिवस दिव्याखाली डोळे फोडून माझं वाचतो, त्याला ते पटत नाही आणि तो चिडून काट मारतो!

“त्यांचा पत्ता देता?” मी विचारलं.

“कशाला?”

“भांडायला.”

पत्ता देणं नियमात बसत नव्हतं, त्यांनी दिला नाही. त्याच पावसाळ्यात मी एम.ए.ला नाव घातलं आणि पुढं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला लागले. त्या विद्यापीठात माझ्यानंतर सात-आठ मुलामुलींनी टाइप करून परीक्षा दिल्या, मग संगणक आले, बोलणारी यंत्रं आली, आणि परवानगीची पत्रं मागणं संपलं.

त्या परीक्षकांशी माझी कधीच गाठ पडली नाही. पण त्यांचं चुकलं होतं. माझा मुद्दा बरोबर होता. पंचवीसएक वर्षं मी तो दर वर्षी वर्गात शिकवला, आणि ज्यांना पटला नाही त्यांच्याशी तास संपल्यावरही वाद घातला.